झोत आधी बाटलीवर टाका

फळ न कापता, न चिरडता, त्यावर नुसता प्रकाश टाकून कीटकनाशकाचा अंश ओळखणाऱ्या यंत्राची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. बातमीचा साचा ठरलेला असतो. कुठलंसं विद्यापीठ, हातात मावणारं उपकरण, काही सेकंदांत निकाल, आणि शेवटी ‘लवकरच सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती’. माझं भांडण आहे ते या शेवटच्या ओळीशी. प्रकाशाने रसायन ओळखण्याचं शास्त्र पक्कं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते ग्राहकाच्या ओट्यावर आणून ठेवायचं म्हणजे ज्याने औषध बनवलं नाही, विकलं नाही, फवारलं नाही, त्यालाच पहाऱ्यावर बसवायचं. या यंत्राची खरी जागा दुसरीकडे आहे.

आधी आकडे पाहू, कारण या विषयात आकड्यांशिवाय बोललं की त्याची जाहिरात होते. ज्या औषधाची एखाद्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे युरोपीय संघ सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लावतो. आपल्याकडेही सर्वसाधारण दंडक तोच आहे. (मसाल्यांच्या बाबतीत मात्र, भारतात नोंदणीच नसलेल्या औषधांसाठी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये तो दहापट सैल करून ०.१ वर नेला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला.) ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे किती? शंभर टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. पिंपळगाव बसवंतहून निघालेल्या दहा टनी ट्रकभर मालात एक दशांश ग्रॅम.

फळांसाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्रकाशतंत्र म्हणजे एनआयआर, निकट-अवरक्त किरणांचं. डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या पलीकडचा, साधारण ७५० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश फळावर टाकायचा आणि कुठल्या तरंगलांबीचा किती भाग परत आला ते मोजायचं. पाणी, साखर, तेल हे आपापल्या ठरावीक ठिकाणी प्रकाश गिळतात. जपानमध्ये १९९० च्या दशकापासून फळांची गोडी अशीच, एकही फळ न कापता, प्रतवारीच्या पट्ट्यावर मोजली जाते. हापूसमधला साका बाहेरून ओळखता येईल का, यावरही आपल्याकडच्या संशोधकांनी काम केलं आहे. तिथे हे तंत्र शोभतं, कारण साखर फळात शेकड्याने मोजण्याइतकी असते, पिकलेल्या द्राक्षात सोळा-अठरा टक्के. पण ढोबळमानाने एक दशांश टक्क्याच्या खाली गेलं की एनआयआर चाचपडू लागतं. एक दशांश टक्का म्हणजे किलोमागे १००० मिलिग्रॅम. आपल्याला गाठायचं आहे ०.०१. मधे एक लाख पटीचं अंतर आहे.

मग ‘९५ टक्के अचूक’ असे निष्कर्ष शोधनिबंधांत कसे येतात? खोटेपणाने नव्हे. बहुतेकदा स्वच्छ फळं आणतात, एकाच जातीची, एकाच दिवशी घेतलेली. अर्ध्यांवर औषधाचं पाणी टाकतात, तेही पुष्कळदा मर्यादेच्या कितीतरी वर. मग संगणकाला दोन्ही गट दाखवून फरक शिकायला सांगतात. संगणक फरक शिकतो. तो औषधाचाच शिकला की औषधासोबतच्या चिकट द्रव्याचा, की थेंब सुकून राहिलेल्या डागाचा, हे त्याला कुणी विचारत नाही. तोच संगणक दिंडोरीच्या थॉमसन द्राक्षांवर शिकवून तासगावच्या सोनाका जातीवर चालवला, मधे एक पाऊस पडलेला असला, मण्यावरचा मेणचट पांढरा थर कमी-जास्त असला, की ते ९५ टक्के कुठे जातील सांगता येत नाही.

रामन वर्णपटाची गोष्ट जास्त आशादायक आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात जो परिणाम दाखवला, तोच हा. रेणूवर पडलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग, कोटीतला एखादा कण म्हणा, आपली तरंगलांबी बदलून परत येतो, आणि तो बदल त्या त्या रेणूची ओळख सांगतो. ओळख पक्की, पण आवाज क्षीण. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टनला खरबरीत चांदीवर हा आवाज अनपेक्षितपणे मोठा झालेला दिसला आणि तिथून वाट फुटली. चांदीचे किंवा सोन्याचे अतिसूक्ष्म कण रेणूच्या शेजारी ठेवले की संकेत लाखो पटींनी वाढतो. २०१० मध्ये चीनमधल्या शियामेन विद्यापीठाच्या गटाने सोन्याच्या कणांवर काचेसारखं पातळ कवच चढवून ते संत्र्याच्या सालीवर पसरले आणि सालीवरचं कीटकनाशक तिथल्या तिथे टिपून दाखवलं.

या पद्धतीने काय साधतं त्याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण २०१७ चं, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं आहे. त्यांनी सफरचंदांवर थायाबेंडाझोल आणि फॉसमेट ही दोन औषधं लावली, चोवीस तास ठेवली आणि मग ती कुठवर पोहोचली ते पाहिलं. फॉसमेट सालीत २० मायक्रोमीटर आत गेलं होतं, थायाबेंडाझोल ८० मायक्रोमीटर. खायच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरची औषधं निघाली. आत मुरलेली निघाली नाहीत. भाज्या धुण्याचे द्रव विकणाऱ्यांनी यातलं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं, हे ओघाने आलंच.

पण ते दुसरं वाक्यच आपल्या विषयाच्या मुळाशी जातं. रामनचा झोत साल बघतो. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी आंतरप्रवाही औषधं झाड आत ओढून घेतं. ती गरात असतात. शिवाय कायद्याची मर्यादा मोजली जाते फळाच्या पूर्ण वजनावर, सालीच्या चौरस सेंटिमीटरवर नाही. द्राक्षाच्या घडाचा तर प्रकारच निराळा. ब्लोअरचा फवारा बाहेरच्या मण्यांवर जास्त बसतो, आतले दाटीतले मणी कोरडे राहतात, आणि बोटाएवढ्या झोताला दिसतो तो समोरचा एक मणी. चांदीशी लगट करणारी गंधकयुक्त औषधं, उदाहरणार्थ थायरम, चटकन दिसतात म्हणून निबंधांत तीच पुन्हा पुन्हा भेटतात. जी चांदीला चिकटत नाहीत ती दडून राहतात.

आणखी एक. फळावर चांदीचे कण पसरले की ते फळ विकायचं नसतं. म्हणजे ‘फळाला धक्का न लावता’ हे वर्णन इथेच थोडं पातळ होतं. मला विचाराल तर त्याची एवढी मातब्बरीही नाही. प्रयोगशाळेत किलो-दोन किलो माल वाटून त्याचा लगदा करतात. ट्रकभर मालात ते नुकसान कुणाला जाणवत नाही. जाणवतो तो वेळ आणि पैसा. एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात आणि अहवालाला दिवस. नाशिकहून रात्री निघालेली मेथी पहाटे वाशीला उतरते आणि दुपारी लोकांच्या ताटात असते. तिचा अहवाल आला तरी तो वाचायचा कुणी आणि कशासाठी?

प्रयोगशाळा काय करू शकते आणि काय नाही, हे द्राक्षवाल्यांइतकं कुणी सोसलेलं नाही. २००३ मध्ये आपल्या द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेटचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडला. त्या फटक्यातून निर्यातीच्या द्राक्षांची अंश-तपासणी उभी राहिली; पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा तिचा कणा झाली, आणि २००६ मध्ये अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेने ग्रेपनेट ही नोंदींची व्यवस्था आणली. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, प्रत्येक प्लॉटचा नमुना, ‘सॅम्पल पास’ झाल्याशिवाय तोडणी नाही. अशी शिस्त आपल्या शेतमालात दुसऱ्या कुठल्या पिकाला क्वचितच लागली असेल.

आणि तरी २०१० आलं. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड निघालं. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात, नाहीतर लिहोसिन या नावाने ओळखतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला ते मारायचे. फळासाठीची गोडी छाटणी होऊन माल तयार होईपर्यंत कित्येक महिने जातात, पण रसायन वेलीच्या लाकडात राहिलं आणि तिथून घडात उतरलं. आपल्या प्रयोगशाळांचे अहवाल खोटे नव्हते. तपासायच्या यादीत ते नावच नव्हतं. एकाच वेळी शेकडो औषधं पकडणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ते येतही नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. नमुने पास झालेल्या, सगळे कागद नीट असलेल्या बागायतदारांचं कंबरडं त्या हंगामात मोडलं.

हा प्रसंग मी प्रकाशयंत्राच्या प्रत्येक उत्साही बातमीशेजारी ठेवून पाहतो. कोट्यवधींची यंत्रं आणि प्रशिक्षित माणसं असलेल्या प्रयोगशाळेला जे शोधायला सांगितलं नाही ते सापडलं नाही. खिशातलं यंत्र तर फक्त शिकवलेलीच औषधं ओळखतं, तीही सालीवरची, तीही बऱ्यापैकी प्रमाणात असली तर. ओट्यावर त्याचा हिरवा दिवा लागला तर त्याचा अर्थ ‘मला माहीत असलेल्या आठ-दहा औषधांपैकी काही ठळक दिसलं नाही’ एवढाच होईल. ग्राहक मात्र तो ‘निर्धोक’ असा वाचेल. आणि लाल दिवा लागला तर? गिऱ्हाईक तो फोन कुणाच्या तोंडासमोर धरणार? हातगाडीवाल्याच्या. ज्याने वाशीहून पहाटे दोन जाळ्या उचलल्या, ज्याला शेत माहीत नाही, औषध माहीत नाही, दुकान माहीत नाही. त्यातही मर्यादा ओलांडली म्हणजे खाणाऱ्याला विषबाधा होणार असं नव्हे. ही मर्यादा मुळात औषध नीट वापरलं की नाही ते पाहण्यासाठी आखलेली असते, आरोग्याच्या धोक्याचे आकडे वेगळे असतात. हे सगळं एका दिव्यात बसत नाही.

मग बाजार समितीच्या गेटवर? तिथे मी थोडा नरम होतो, पण हिशेब मांडून. समजा १००० खेपा आल्या आणि त्यातल्या ५० खरोखर मर्यादेबाहेर आहेत. यंत्र दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे, म्हणजे सध्याच्या मानाने फारच चांगलं. ते दोषी ५० पैकी ४५ पकडेल. पण निर्दोष ९५० पैकी ९५ वर नाहक बोट ठेवेल. पकडलेल्या १४० पैकी ९५ शेतकरी निरपराध. लिलावाच्या ओट्यावर एकाच्या मालाबद्दल कुजबुज सुरू झाली की भाव किती खाली येतो, हे माल घेऊन गेलेल्याला विचारा; नंतर पंधरा दिवसांनी ‘तुमचा नमुना बरोबर होता’ असं पत्र आलं तर तो त्याचं काय करेल?

म्हणून गेटवर हे यंत्र फक्त चाळणी म्हणून चालेल. लाल दिवा लागलेल्या खेपेचा नमुना प्रयोगशाळेत जाईल, खर्च सरकारचा, नाव गुप्त, लिलाव थांबवायचा नाही. पहिल्या खऱ्या दोषाला कृषी सहायक बांधावर जाईल, दुसऱ्याला दंड. यात काही दूषित माल खाल्ला जाईल, हे मला मान्य आहे. आज तो सगळाच खाल्ला जातो. १००० खेपांतून डोळे झाकून १४० उचलल्या तर त्यात दोषी सातच निघतील, यंत्राने निवडलेल्या १४० मध्ये ४५ निघतात. त्या निवडीसाठी यंत्राला पैसे मोजायला हरकत नाही.

हे स्वप्नरंजनही नाही. तैवानने १९८० च्या दशकात असा स्वस्त उपाय शोधला: माशीच्या मज्जासंस्थेतलं एक विकर घ्यायचं, त्यात भाजीचा अर्क घालायचा आणि रंग किती बदलतो ते प्रकाशमापकावर वाचायचं. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली औषधं त्या विकराला लुळं करतात, म्हणून रंग कमी येतो. बाकीची औषधं त्यात दिसत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बाजारात माल विकला जाण्याआधी काहीतरी तपासलं जात होतं. आपल्याकडे केंद्र सरकारची अंश-पाहणीची योजना २००५-०६ पासून चालू आहे. ती देशाचं ढोबळ चित्र देते. पण युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी प्लॉटगणिक नमुना आणि नाशिकच्या गिऱ्हाइकासाठी वार्षिक सरासरी, ही विषमता त्याने मिटत नाही. तोच बागायतदार, तोच वेल. निर्यातीत नापास झालेला प्लॉट तोडून टाकत नाहीत. तो माल कुठल्या बाजारात जातो, हे उघड गुपित आहे.

पण माझा खरा आग्रह याच्याही अलीकडच्या जागेसाठी आहे: कृषी सेवा केंद्राच्या फळीवरची बाटली.

प्रकाशाची सगळी अडचण काय होती? शोधायचा पदार्थ फार थोडा आणि त्याभोवती फळाचा पसारा फार मोठा. बाटलीत नेमकं उलट असतं. तिथे औषध पाच टक्के, वीस टक्के, कधी पन्नास टक्के असतं. एक लाख पटीची दरी तिथे नाहीच. रामन आणि एनआयआर या दोन्ही पद्धती अशा घट्ट मिश्रणांवर उत्तम चालतात. माणसांची औषधं बनवणाऱ्या कारखान्यांत कच्चा माल तपासायला हातातली रामन यंत्रं रोज वापरली जातात, पारदर्शक पिशवी किंवा काच न उघडता. कीटकनाशकाची बाटली बहुधा अपारदर्शक असते, तेव्हा बूच उघडून दोन थेंब काचेवर घ्यावे लागतील. घ्यावेत. लेबलवर जे नाव आहे त्याचा वर्णपट आणि त्या थेंबांचा वर्णपट जुळतो का, एवढाच प्रश्न, आणि त्याला मिनिटभर पुरतं. काही मिश्रणं रंगीत असतात, त्यांची चमक रामनचा संकेत झाकून टाकते. काहींत भेसळ एखाद्या टक्क्याची असते, ती निसटेल. तरी साफ बनावट माल आणि निम्म्या ताकदीचा माल यांना लपायला जागा उरणार नाही.

याचा फळावरच्या अंशाशी संबंध काय, असं कुणी विचारील. थेट आहे. कमी ताकदीचं औषध मारलं की भुरीसारखा बुरशीचा रोग हटत नाही, मग दुसरं मारलं जातं, मग दुकानदार सांगेल ते तिसरं, आणि काढणीआधी सोडायचे दिवस हातातून जातात. ‘जैविक’ किंवा ‘टॉनिक’ म्हणून घेतलेल्या बाटलीत लेबलवर नसलेलं रासायनिक औषध निघाल्याच्या तक्रारी द्राक्षपट्ट्याला नव्या नाहीत. असा शेतकरी आपल्या वहीत प्रामाणिकपणे जैविक फवारणी लिहितो आणि नमुन्यात नापास होतो. दोष त्याच्या खात्यावर पडतो, बाटलीच्या नाही. आणि खाणाऱ्याच्या कितीतरी आधी औषधाची गाठ पडते ती फवारणाऱ्याशी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कुणी काय कशात मिसळलं होतं, याचा शोध माणसं दगावल्यावर सुरू झाला. शहरात आपण सफरचंदाच्या सालीतल्या ८० मायक्रोमीटरची काळजी करतो ती रास्तच आहे, पण पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला त्याच औषधाचे थेंब थेट अंगावर झेलावे लागतात.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याने निरीक्षकाला दुकानातून नमुना उचलायचा अधिकार दिलेलाच आहे. अडतं ते पुढे: नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल येईपर्यंत तो लॉट विकून, फवारून झालेला असतो. निरीक्षकाच्या हातात रामनचं यंत्र असेल तर तो फळीवरच्या चाळीस बाटल्या दुपारभरात पाहील आणि ज्या तीन संशयास्पद वाटतात त्याच प्रयोगशाळेला पाठवेल. इथे चुकीच्या लाल दिव्याने कुणी देशोधडीला लागत नाही. बाटली नाशवंत नाही, ती आठ दिवस सीलबंद राहिली तर सडत नाही. फळाच्या बाबतीत जी घाई यंत्राला अन्यायकारक बनवते, ती घाईच इथे नाही.

तालुक्याला एक यंत्र लागेल. यंत्र महाग असेल, पण ते सगळ्या दुकानांना पुरेल. ओट्याओट्यावर ठेवायच्या खेळण्यांपेक्षा एकूण हिशेबात स्वस्तच पडेल. अडचण किमतीची नाही, तुलनेसाठी लागणाऱ्या वर्णपटांच्या संग्रहाची आहे. तो खाजगी यंत्रविक्रेत्याच्या कुलपात असता कामा नये, नाहीतर कुठल्या कंपनीचं औषध ‘जुळतं’ हे तोच ठरवेल. नोंदणीसाठी कंपन्या फरिदाबादच्या कीटकनाशक नोंदणी समितीला घटक, विषारीपणा, पॅकिंग यांची थप्पीभर कागदपत्रं देतातच. त्या थप्पीत प्रत्येक उत्पादनाचा सीलबंद नमुना आणि त्याचा वर्णपट सक्तीचा करावा, वर्णपट सगळ्यांना पाहता यावेत, आणि तालुकावार तपासण्यांचे निकाल दुकानाच्या नावानिशी महिन्याच्या महिन्याला जाहीर व्हावेत. प्रकाशाने फळाची तपासणी दहा वर्षांनी कुठे पोहोचेल ते तंत्रज्ञांनी सांगावं. बाटलीच्या तपासणीला मात्र नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. विरोध झालाच तर तो तंत्रज्ञांकडून होणार नाही, दुकानाच्या नावानिशी निकाल छापण्याला होईल.